उद्या सेविया खाऊ

बेगोन्या शुक्रवारी संध्याकाळी माद्रिदहून आली ती काखेत नवं मेणकापड घेऊनच. पिवळ्याधमक लिंबांचं. अंगातला कोट काढण्याआधी तिने ती गुंडाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाला टेकवून उभी केली आणि म्हणाली, "आई, या जुन्या मेणकापडाला आता सुट्टी दे. आणि तूही सुट्टीच्या तयारीला लाग. एप्रिलमध्ये मी रजा काढतेय. आपण दोघी जायचं."

"कुठं?" कासिल्दाने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"कुठं म्हणजे? तिथंच!" बेगोन्याने टेबलावर तळहात ठेवला. "तोरो, सालामान्का, कोर्दोबा, सेविया, खेरेस. तू आणि बाबा जन्मभर जिथं जिथं जाणार होतात, तिथं. गाडी मी चालवीन. मी रविवारी दुपारी परत जाणार, सोमवारी साहेबाला तारखा द्यायच्यात. तोवर हो की नाही ते सांग."

कासिल्दा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "आधी दार लाव," ती म्हणाली. "थंडी आत येतेय."

टेबलावरचं ते जुनं मेणकापड म्हणजे अख्ख्या स्पेनचा नकाशा होता. कासिल्दा लग्न होऊन आरो गावात आली, त्या पहिल्या हिवाळ्यात नवरा-बायकोने ते बाजारातून आणलं होतं. तेव्हा त्यावर प्रत्येक प्रांताला वेगळा रंग होता आणि प्रत्येक प्रांतात एकेक चित्र: कुठे बैल, कुठे पवनचक्की, कुठे संत्र्याचं झाड. आता कोपरं घासून घासून गालिसिया पार पांढरं पडलं होतं. बार्सिलोनाजवळ सुरीचा उभा चरा होता. पोर्तुगाल तर निर्मात्याने मुळातच कोरं सोडलं होतं, त्यामुळे तिथे मिठाची वाटी ठेवायची पद्धत पडली होती.

नवऱ्याचं नाव सेलेदोनियो. गाव त्याला सेले म्हणे. स्टेशनाजवळच्या वस्तीत, जिथे वाईनची मोठाली कोठारं एकमेकांना खेटून उभी आहेत, त्यांतल्या एका कोठारात तो पिंपं बनवी. ओकच्या फळ्या उभ्या करायच्या, मधे जाळ पेटवायचा, लाकूड तापून नरम पडलं की वाकवून लोखंडी कडं ठोकायचं. त्याच्या केसांना आणि स्वेटरला बारा महिने भाजलेल्या लाकडाचा वास येई, रविवारी चर्चमध्येसुद्धा. भरलेल्या पिंपावर बोटाच्या पेराने टकटक केलं की वाईन कुठवर उतरली आहे हे त्याला आवाजावरून कळे. तीच खोड घरीही होती. विचार करताना तो टेबलावर टकटक करी आणि कासिल्दा म्हणे, "काय रे, किती शिल्लक आहे?"

"तुझं डोकं? अर्धं."

"आणि तुझं?"

"माझं वाजतच नाही. म्हणजे काठोकाठ."

"नाहीतर फुटकं."

कासिल्दा ओखा नदीच्या वरच्या अंगाच्या डोंगरी गावातली. मुलगी असतानाच ती कोठारात कामाला लागली होती. बाटल्यांभोवती सोनेरी तारेची जाळी विणून आवळायची, हे त्या काळी बायकांचं काम. लांबलचक टेबलाशी दोन्ही बाजूंना बायका बसत, हात तारेवर आणि तोंड साऱ्या गावावर. तिच्या शेजारची खुर्ची प्रुदेनची. प्रुदेनने तिला सेले दाखवला तो असा: "तो बघ, पिंपवाला. पिंपासारखाच आहे, मधे रुंद आणि आतून चांगला." कासिल्दा इतकी हसली की हातातल्या बाटलीची जाळी तिरपी गेली.

सहलीचा खेळ कसा सुरू झाला तेही सांगायला हवं. जानेवारीत आरोला काही घडत नाही. मळ्यांत वेलींची छाटणी चालू असते, वाईन पिंपांत गप्प पडलेली असते आणि संध्याकाळी नदीवरून धुकं चढून गल्ल्यांत येतं. अशाच एका संध्याकाळी कासिल्दा दुसऱ्या दिवशीच्या रश्श्यासाठी काबुली चणे टेबलावर ओतून निवडत होती. सेले समोर मनुका खात बसला होता. त्याने एक चांगला टपोरा चणा बोटाने टिचकी मारून उडवला. तो घरंगळत थेट दक्षिणेला गेला आणि थांबला.

"हा सेवियाला गेला," सेले म्हणाला.

"एकटाच?" कासिल्दा म्हणाली आणि तिने दुसरा चणा त्याच्याशेजारी ठेवला.

तेव्हापासून रीत पडली. शहराला चणा, वाईनच्या मुलखाला मनुका. जानेवारीच्या संध्याकाळी वाटा आखल्या जात, मोडल्या जात, पुन्हा आखल्या जात.

"आधी तोरो, मग सालामान्का."

"उलट. तोरोची वाईन पोटात गेली की सालामान्का तुला दिसायचं नाही. आधी शहर, मग पेला."

"अगं, तोरो वाटेत लागतं! वाटेतल्या गावाला पाठ दाखवायची? लोक काय म्हणतील?"

"लोक तुला ओळखतच नाहीत तिथं."

"वाईन तर ओळखते."

भांडण कधी कधी इतकं रंगे की खालच्या मजल्यावरून सेलेची आई काठीने छताला ठोकी. शेवटी वाट ठरे. मग मनुका सेलेच्या तोंडात जात. एक रुएदा, एक तोरो, एक वाल्देपेन्यास, आणि शेवटी खेरेस, ते तो डोळे मिटून चघळी. चणे मात्र कासिल्दा तळहाताच्या कडेने गोळा करी आणि कोमट पाण्याच्या पातेल्यात सोडी. वर चिमूटभर मीठ.

"झालं," सेले म्हणे. "उद्या सेविया खाऊ."

लोक मनात मांडे खातात. ही दोघं मनातलं टेबलावर मांडत आणि दुसऱ्या दिवशी कोबी आणि चोरिसो सॉसेज घालून खरोखर खात.

वायादोलिदची गोष्ट त्याच काळातली. सेलेने एकदा वेलीच्या काटक्यांवर कोकराच्या बरगड्या भाजल्या आणि गरम जाळीच टेबलावर आणली. जाळीला चिकटलेला निखारा मेणकापडावर पडला आणि वायादोलिदच्या जागी रुपयाएवढं काळं भोक पडलं. त्यानंतर वाट आखताना सेले तिथे पोचला की छातीवर क्रूस करी आणि म्हणे, "वायादोलिद जळालं बिचारं. वळसा घाला." लहानपणी बेगोन्याला हे खरंच वाटे. शाळेत सिस्टर आउरोराने तिला प्रांतांची नावं विचारली तेव्हा ती घडाघडा म्हणत गेली आणि मधेच आवाज खाली आणून म्हणाली, "वायादोलिद जळून गेलं, सिस्टर. बाबांच्या हातून." सिस्टरने आई-वडिलांना बोलावून घेतलं. सेले टोपी हातात धरून उभा राहिला आणि त्याने सारं खरं खरं सांगितलं. सिस्टर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभी होती. तिचे खांदे हलत होते.

गावात ही सहल सर्वांना ठाऊक होती. आरोमध्ये वाईनचं वय पिंपातल्या काळावरून सांगतात. थोडे दिवस राहिलेली एक, त्याहून जुनी 'रेसेर्वा', आणि वर्षानुवर्षं थांबलेली ती 'ग्रान रेसेर्वा'. सेलेच्या सहलीलाही लोक तसंच वय देत. "काय सेले, सहल काढली का पिंपातून?" कुणी विचारी. "घाई काय आहे? यंदा रेसेर्वा झालीय," तो म्हणे. पुढे ती ग्रान रेसेर्वा झाली. त्याहून जुनीला नाव नव्हतं, म्हणून लोकांनी विचारणं सोडून दिलं.

जायचं राहत गेलं याला कारणं होती आणि सगळी खरी होती. एका वर्षी मे महिन्यात हिमाने कोंब करपवले, एका वर्षी कोठारात संप झाला, मग सेलेची आई अंथरुणाला खिळली ती सहा हिवाळे. इतक्या वर्षांत एकदाच ती दोघं खरोखर निघाली होती.

सासू अंथरुणाला खिळण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. बेगोन्या तेव्हा सात वर्षांची. सेलेने मेहुण्याची जुनी रेनो मागून आणली होती. सालामान्का आणि तोरो, तेवढंच, चार दिवसांत परत. बेगोन्याने आपली छोटी लाल पेटी भरली. पण आदल्या रात्री तिला ताप चढला आणि कोरडा खोकला लागला. कासिल्दा उशाशी बसून होती. पहाटे ठरलं की पोरीला डोंगरातल्या आजीकडे ठेवायचं आणि दोघांनी पुढे जायचं. गाडी मागितलेली, रजा मिळालेली. असा योग पुन्हा कुठला?

पोरीला आजीच्या हवाली करून ती दोघं डोंगर उतरून सांतो दोमिंगोला आली तेव्हा धुकं असं होतं की गाडीचं नाकसुद्धा दिसेना. तिथे मोठा रस्ता आडवा लागतो. डावीकडे बुर्गोस, उजवीकडे लोग्रोन्यो. डोळ्यांना पाटी दिसली नाही तेव्हा सेलेने डोक्यातला नकाशा काढला. आणि घोटाळा तिथे झाला. घरी त्याची खुर्ची शेगडीकडे पाठ करून असे, कारण त्याची पाठ दुखे. म्हणजे तो नकाशाच्या उत्तर टोकाला बसे आणि कासिल्दा दक्षिणेला. कासिल्दाला स्पेन सुलट दिसे, अन्दालुसिया तिच्या मांडीशी. सेले वर्षानुवर्षं स्पेन उलटा बघत आला होता. त्याच्या स्पेनमध्ये बुर्गोस उजव्या हाताला होतं. तो उजवीकडे वळला.

कासिल्दा रात्रभराच्या जागरणाने काचेला डोकं टेकून झोपली होती. तिला जाग आली ती घंटांच्या आवाजाने. गाडी एका मोठ्या चर्चसमोर उभी होती. धुक्यातून खाली नदी वाहत असल्याचा आवाज येत होता.

"सालामान्का?" ती डोळे चोळत म्हणाली.

सेले समोर बघत होता. "कालाओर्रा," तो म्हणाला.

"कालाओर्रा! अरे, ते तर दुसऱ्या टोकाला!"

"माझ्या संताचं गाव आहे. सान सेलेदोनियोने हाक मारली, त्याला नाही कसं म्हणायचं?"

"आणि लोग्रोन्यो आलं तेव्हा तुला कळलं नाही?"

"लोग्रोन्योलाच कळलं."

"मग वळवली का नाहीस?"

"तू झोपली होतीस," सेले म्हणाला. "वळवायचं तिथं खड्डा होता."

दोघं एका खानावळीत गेली. कालाओर्राच्या भाज्या साऱ्या मुलखात नावाजलेल्या. फ्लॉवर, आर्टिचोक, कोवळे वाटाणे यांचा मऊसूत रस्सा त्यांनी खाल्ला. मालकाने चोचीचा काचेचा चंबू पुढे केला. ओठ न लावता वरून धार सोडून प्यायचा तो. सेले धार सोडता सोडता हसला आणि शर्टावर लाल रेघ उमटली. धुकं उठलंच नाही. पुढे जायला तोंड नव्हतं आणि मागे फिरायला पेट्रोल जेमतेम होतं, म्हणून संध्याकाळी ती परत डोंगरात आली. आजीच्या दारात बेगोन्या कोट घालून उभी. ताप उतरलेला, हातात लाल पेटी. "मी बरी झाले," ती म्हणाली. "चला."

सेलेने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "धुक्यामुळे स्पेन आज बंद होतं, पोरी. उघडलं की जाऊ."

आजी हसली, कासिल्दा हसली, दुसऱ्या दिवशी आख्खं आरो हसलं. सेलेच्या शर्टावरचा डाग निघाला नाही आणि कासिल्दाने तो शर्ट टाकलाही नाही. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिने कालाओर्राचा सांगितला असता. पण असं कुणी विचारत नसतं.

सेले जाऊन आता तिसरा हिवाळा चालू होता. तो द्राक्षांची तोडणी झाल्यावर गेला, कोठारांतून नव्या वाईनचा आंबूस वास गावभर पसरला होता तेव्हा. त्यानंतर कासिल्दा चणे पिशवीतून थेट पातेल्यात ओती. निवडायला बसली की हात आपोआप दक्षिणेकडे जाई.

शनिवारी दुपारी जेवणाआधी ती प्रुदेनबरोबर चौकामागच्या गल्लीत वेर्मूत, म्हणजे मसाल्याची कडवट-गोड वाईन, प्यायला गेली. प्रुदेन आता वाकली होती, पण जिभेचं धारदारपण तसंच होतं.

"अगं, मग हो म्हण की! घोडं कुठं अडलंय?"

"सेलेशिवाय कशी जाऊ?" कासिल्दा म्हणाली. "आमची सहल ती. आणि समजा गेले. खरं सेविया बघितलं. मग माझं सेविया कुठं राहील? त्याने इतक्यांदा मांडलेलं, मी इतक्यांदा गोळा केलेलं. खऱ्या गावात लोक असतील, मोटारी असतील, पाय दुखतील. घरी येऊन मी डोळे मिटले आणि त्याचं काही उरलंच नाही, तर?"

प्रुदेनने पेल्यातलं ऑलिव्ह काडीने टोचून तोंडात टाकलं. बी बशीत ठेवलं.

"एक सांगू? तुझा नवरा पिंपवाला होता, तोच म्हणायचा. जास्त वर्षं पिंपात ठेवली की वाईन उरत नाही. मग नुसतं लाकूड चाखा. म्हणायचा ना?"

"म्हणायचा."

"झालं तर. मला तर कुणी चण्यावरसुद्धा कुठं नेलं नाही. आपण जाळी घातलेल्या बाटल्या हवानाला पोचल्या आणि मी लोग्रोन्योच्या पलीकडे गेले ती फक्त गुडघ्याच्या डॉक्टरकडे. तू नाही म्हणालीस तर बेगोला सांग, प्रुदेनमावशी तयार आहे. पेटीसुद्धा नको, पिशवीत मावते मी."

कासिल्दा हसत हसत घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. टेबलावर लिंबंच लिंबं पसरली होती.

"जुनं कुठंय?" तिने विचारलं.

"गॅलरीत ठेवलंय," बेगोन्या ओट्यापाशी उभी होती. "फेकलं नाहीये, घाबरू नकोस. नुसतं बघ कसं दिसतं..."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"आई, ते फाटलंय! घडीवर चिरलंय, त्याखाली ओल धरते."

"माझ्या घरातली ओल मी बघीन. तू दोन दिवसांसाठी येतेस, फोनवर बोट फिरवून दहा गावं ठरवतेस आणि मला म्हणतेस हो म्हण. आमची सहल म्हणजे काय ते तुला काय ठाऊक?"

बेगोन्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. तिचे केसही आता कानांपाशी पांढरे व्हायला लागले होते. कासिल्दाच्या ते याआधी कधी लक्षात आलं नव्हतं.

"मला काय ठाऊक?" ती हळू आवाजात म्हणाली. "दर जानेवारीला मी पेटी भरायचे, आई. दर जानेवारीला. तुम्ही दोघं इथं भांडायचात, आधी तोरो की आधी सालामान्का, आणि मी आत जाऊन पायमोजे मोजायचे. मला वाटायचं वाट ठरली म्हणजे उद्या निघायचं. आणि सकाळी उठून बघावं तर तुम्ही पातेल्यात ढवळताय. मला ते चणे गिळवायचे नाहीत. तू म्हणायचीस, पोरगी खात नाही नीट."

कासिल्दाने अंगावरचा कोट काढून खुर्चीला अडकवला.

"आणि एकदा खरंच निघालात, तेव्हा मला आजीकडे ठेवलंत. परत आलात ते हसत. बाबांच्या शर्टाला वाईनचा वास. स्पेन बंद होतं म्हणे! सगळे हसले. मी कोट घालून उभी होते सकाळपासून. आजी म्हणत होती, काढ गं, पण मी काढला नाही. म्हटलं, विसरून परत आले तर उशीर व्हायला नको."

शेगडीवर पाणी खदखदत होतं. कासिल्दाने पुढे होऊन आच कमी केली. तो दिवस इतकी वर्षं तिने मनात उलटसुलट करून पाहिला होता, घंटा, रस्सा, शर्टावरची रेघ. आजीच्या दारातली पोर तिला दिसायची, पण ती नेहमी गोष्टीच्या शेवटी, हसण्याच्या जागी. ती पोर सकाळपासून तिथे उभी होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती गॅलरीत गेली. जुनं मेणकापड थंडीने कडक झालं होतं. ते जपून उचलून तिने आत आणलं आणि लिंबांच्या वरून पसरलं. उबेला हळूहळू ते सैल पडलं. मग ती आपल्या जागी न बसता टेबलाला वळसा घालून गेली आणि शेगडीकडे पाठ करून सेलेच्या खुर्चीत बसली. लग्न झाल्यापासून ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. पाठीला ऊब लागली. समोरचा स्पेन उलटा होता. सगळी अक्षरं डोक्यावर उभी. कोर्दोबा वाचायला तिला मान तिरकी करावी लागली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा इतकी वर्षं असं वाचत होता! एकदा म्हणाला नाही की जागा बदलू."

"म्हणूनच कालाओर्रा," बेगोन्या म्हणाली. डोळे पुसता पुसता तिला हसू आलं.

"तू बस तिकडे. माझ्या जागी. सुलट बाजूला कुणीतरी हवं, नाहीतर पुन्हा कालाओर्रालाच जाऊ."

बेगोन्या बसली. कासिल्दाने फळीवरून चण्यांची पिशवी काढली आणि मूठभर चणे टेबलावर ओतले. दोन खडे निघाले ते बाजूला केले. मनुकांची वाटी मधे ठेवली.

"बोल. आधी कुठं?"

बेगोन्याने फोनकडे हात नेला आणि पुन्हा मागे घेतला. नकाशाकडे बघत राहिली. निखाऱ्याने पडलेल्या भोकातून आता खालचं लिंबू दिसत होतं. जिथे इतकी वर्षं टेबलाचं काळं लाकूड होतं, तिथे पिवळा ठिपका.

"वायादोलिद," ती म्हणाली.

"जळालंय ते."

"मला स्वतः बघायचंय जळालंय का. सिस्टर आउरोराने सगळ्या वर्गासमोर माझ्याकडून 'वायादोलिद जळालेलं नाही' असं दहादा लिहून घेतलं होतं."

कासिल्दाने एक चणा त्या भोकात ठेवला. तो जागच्या जागी बसला, हलला नाही. मग वाट दक्षिणेकडे निघाली. तोरो आणि सालामान्का यांवरून वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. कासिल्दा आधी शहराच्या बाजूने होती, बेगोन्या आधी पेल्याच्या. "अगदी बापावर गेलीस," कासिल्दा म्हणाली. कोर्दोबाला दोन दिवस. सेवियाला तीन, कारण कासिल्दाचे पाय. शेवटी खेरेस. कासिल्दाने तिथे मनुका ठेवली आणि थोडा वेळ तिच्यावर बोट तसंच ठेवलं. खेरेसची मनुका डोळे मिटून चघळणारा माणूस तिला अगदी स्पष्ट दिसला. तो कुठे जाण्याच्या तयारीत दिसत नव्हता. बसला होता, भाजक्या लाकडाच्या वासासकट.

"आई?"

"काही नाही. तारखा लिही. आणि प्रुदेनला एखादा दिवस बरोबर घ्यायचं का? निदान वायादोलिदपर्यंत? पिशवीत मावते म्हणतेय."

"घेऊ की. मागची सीट मोकळीच आहे."

बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. जेवणाची वेळ झाली तशी बेगोन्या उठली. उद्यासाठी चणे भिजवायला पातेल्यात कोमट पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि लहानपणापासून पाहिलेल्या सवयीने तळहाताची कड मेणकापडावर टेकवली. सेविया आणि कोर्दोबा एकत्र आले.

कासिल्दाने तिचं मनगट धरलं.

"ठेव तिथंच," ती म्हणाली आणि सेवियाचा चणा पुन्हा जागेवर सरकवला. मग उठून तिने फळीवरचा मसुराचा डबा खाली काढला. "उद्या मसूर करू."

बेगोन्या टेबलाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मला मसूर आवडत नाहीत."

"ठाऊक आहे," कासिल्दा डबा उघडत म्हणाली. "गुमान खायचे."